विश्रांतीची हमाली

'चेरी ब्लॉसम' हे दोन शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वाचले ते बुटाच्या पॉलिशच्या डबीवर. रविवारी संध्याकाळी वडिलांचे ऑफिसचे बूट चकचकीत करणे हे काम घरात माझ्याकडे असे. त्यामुळे चेरीचा बहर म्हटला की इतरांच्या डोळ्यांपुढे गुलाबी फुले येत असतील. माझ्या नाकात पॉलिशचा वास येतो आणि उद्या सोमवार आहे ही जुनी धास्ती पोटात उठते. पुढे चाळिशी ओलांडल्यावर, २०२३ सालच्या नोव्हेंबरात, कुमाऊँतल्या कौसानी गावी त्या नावाच्या खऱ्याखुऱ्या झाडाखाली उभे राहण्याचा योग आला. 'उभे राहण्याचा' असे मी जाणूनबुजून म्हणतो. बसण्याचा नव्हे. बसायला वेळच नव्हता.

हा लेख त्या नसलेल्या वेळेबद्दल आहे.

प्रवासवर्णन वाचायला मिळेल या अपेक्षेने ज्यांनी पान उलटले असेल त्यांची मी आधीच क्षमा मागतो. दिवाळी अंकात हिमालयावर लिहायचे म्हणजे सूर्योदयाचे सोने, बर्फाची चांदी आणि शेवटी मानवाचे क्षुद्रत्व, अशी सराफी मांडणी ठरलेली आहे. ती मला जमत नाही. मी तालुक्याच्या गावी एका शाळेत चित्रकला शिकवतो. दहावीनंतर चित्रकला-शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा केला. कॉलेजचे तोंड पाहिले नाही. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो आणि माझे प्रकाशक फावल्या वेळात त्या विकतात. तेव्हा तत्त्वज्ञान सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण भांडायला पदवी लागत नाही, आणि माझे भांडण आहे. ते सहली काढणाऱ्या कंपन्यांशी नाही. त्या बिचाऱ्या आपण मागतो तेच विकतात. माझे भांडण तुमच्या-माझ्यासारख्या, वर्षभर पैसे साठवून 'जरा निवांत होऊ या' म्हणत घराबाहेर पडणाऱ्या कुटुंबवत्सल माणसांशी आहे. आपल्याला विश्रांती घेता येत नाही. इतकेच नव्हे, आपल्याला ती नको असते. आणि जिला खरोखर हवी असते तिला आपण ती घेऊ देत नाही, असा माझा आरोप आहे. आरोपींच्या पिंजऱ्यात पहिला मी उभा आहे, म्हणजे कोणाला राग यायला नको.

हकीकत अशी. भाऊबीज आटोपून मी, सौ. आणि सातवीतली आमची कन्या असे तिघे तीसएक जणांच्या एका सहलीबरोबर निघालो. छापील कार्यक्रमात पाचव्या दिवसापुढे लिहिले होते : 'कौसानी. हिमशिखरांच्या समोर, चेरीच्या बहरात, संपूर्ण विश्रांतीचा दिवस.' ही एक ओळ वाचून सौ.ने सहलीला होकार दिला होता. दिवाळीआधीचे पंधरा दिवस कसे गेले ते तिचे तिलाच ठाऊक. माळ्यावरचे डबे उतरवण्यापासून चकलीच्या भाजणीपर्यंत आणि पाहुण्यांच्या अंथरुणांपासून पणत्यांच्या वातींपर्यंत सगळे एकटीने; तेही पतपेढीतली नोकरी सांभाळून. त्या ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली होती, "अहो, बाकीचं तुम्ही ठरवा. हा एक दिवस मला हवा."

आदल्या रात्री जेवणे चालू असताना व्यवस्थापकांनी त्या 'संपूर्ण विश्रांती'चा तपशील वाचून दाखवला. पहाटे साडेचारला गरम पाणी. पाचला चहा. साडेपाचला सूर्योदयासाठी प्रस्थान. आठला नाश्ता. नऊला अनासक्ती आश्रम. दहाला चहाचा मळा. साडेअकराला बैजनाथची देवळे. दीडला जेवण. अडीचला धबधबा, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी शालींच्या दुकानात बसावे. चारला कवी सुमित्रानंदन पंतांचे जन्मघर. पाचला सूर्यास्त. मग शेकोटी, मग अंताक्षरी. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात माझ्याही दोन हातांचा आवाज होता हे कबूल करतो. एका गृहस्थांनी तर हिशेब करून विचारले, "दीड ते अडीच एक तास मोकळा दिसतो. त्यात काही बसवता येईल का?"

पहाटे साडेचारला बाहेर बादल्यांचा खणखणाट सुरू झाला. मी कानाला मफलर गुंडाळून तयार झालो. सौ. रजईतून म्हणाली, "मी येत नाही."

"का? बरं नाही का?"

"बरी आहे. म्हणूनच येत नाही."

मी रागावलो. खोटे कशाला बोलू? भाड्याची रक्कम माझ्या डोळ्यांपुढे नाचली. "इतके पैसे भरून झोपायला आलो का?" असे मी म्हटले आणि कन्येचा हात धरून बाहेर पडलो.

गाडीत बसताच पहिला प्रश्न आला, "वहिनींना बरं नाही का?" एका काकूंनी पर्समधून तापाची गोळी काढून दिली. दुसऱ्यांनी आल्याचा तुकडा दिला. व्यवस्थापक डॉक्टर कुठे मिळेल याची चौकशी करू लागले. माणसे सगळी मनाने चांगली होती, म्हणून तर मला अधिक आश्चर्य वाटते. तीस जणांत एकाच्याही मनात असे आले नाही की धडधाकट बाई नुसती बसलेली असू शकते. पुरुष बसला तर तो विचार करतो आहे. बाई बसली तर तिला ताप आहे. आपल्या घरांतून बायकांना दिवसाढवळ्या आडवे होण्याचा एकच परवाना मिळतो आणि तो डॉक्टर देतो.

माझा स्वतःचा दिवस थोडक्यात सांगतो, कारण तो थोडक्यातच झाला. सूर्योदय झाला. समोर नंदाघुंटी, त्रिशूळ, नंदादेवी, नंदाकोट आणि उजवीकडे दूर पंचचूली अशी रांग उजळली. नंदादेवी ७८१६ मीटर उंच, त्रिशूळ ७१२० मीटर. अशी शिखरे पुढ्यात असताना आम्ही तीस जणांनी काय केले? त्यांच्याकडे पाठ केली. मोबाइलवर आपला चेहरा आणि मागे डोंगर यायचा तर दुसरा इलाज नाही. डोंगराकडे पाठ करून उभे राहण्यासाठी आम्ही आगगाडीने दोन दिवस आणि काठगोदामपासून मोटारीने वळणावळणांचा रस्ता कापला होता. बैजनाथला गोमतीकाठी कत्यूरी राजांच्या काळची दगडी देवळे आहेत. आत पार्वतीची काळ्या पाषाणाची अशी मूर्ती आहे की चित्रकलेच्या मास्तराने तिच्यापुढे दिवस काढावा. आम्हाला पंचवीस मिनिटे होती. दहा पादत्राणे काढण्या-घालण्यात गेली. माझ्या पिशवीत नवी कोरी चित्रवही होती. ती घरी परतली तेव्हाही नवी कोरी होती.

दुपारी जेवायला मुक्कामी आलो. सौ. अंगणात चेरीच्या झाडाखाली वेताच्या खुर्चीत बसून दुसऱ्या कोणी भाजलेली गरम पोळी खात होती. जेवण झाल्यावर कन्या म्हणाली, "बाबा, मी आईजवळ थांबते." मी धबधब्याला गेलो. पाणी बेताचेच होते.

अंधार पडताना परत आलो तेव्हा दोघी तिथेच. "दिवसभर काय केलंत?" मी विचारले. "काही नाही," सौ. म्हणाली.

त्या 'काही नाही'मध्ये काय काय होते ते पुढे घरी महिनाभर हप्त्याहप्त्याने बाहेर आले. त्रिशूळाच्या टोकाला आधी तांब्याचा रंग चढतो, मग तो उतरत उतरत खाली येतो आणि वरचे टोक तोवर पांढरे झालेले असते. अकराच्या सुमारास एक ढग डोंगराच्या कमरेला बिलगला आणि चारपर्यंत हलला नाही. झाडावर ऊन आहे तोवर मधमाश्यांचा असा गुंजारव होता की जवळ कुठे गिरणी चालू आहे असे वाटावे. ऊन झाडावरून सरकले आणि आवाज थांबला. फूल गुलाबी, पण गळून पडलेली पाकळी हातात घेतली तर जवळजवळ पांढरी. हे सगळे रंगांच्या मास्तराला रंगांचे शिक्षण नसलेल्या बाईने सांगितले.

आणि झाडाचे नावही. स्वयंपाकघरात काम करणारी एक स्थानिक बाई घटकाभर तिच्याजवळ टेकली होती. चेरी ब्लॉसम हे नाव पाहुण्यांसाठी. त्यांच्या बोलीत हे झाड पयां किंवा पद्म. ते देवाचे झाड. मुंजी-लग्नांत त्याची फांदी लागते, उगाच कोणी कुऱ्हाड लावत नाही. जपानची चेरी मार्च-एप्रिलात, वसंतात फुलते. ही हिमालयातली चेरी उलट्या चालीची. इतर झाडे पाने गाळायच्या बेतात असतात तेव्हा, कार्तिकात, ही फुलते. त्या दिवसांत मधमाश्यांना दुसरे फारसे काही मिळत नाही, म्हणून साऱ्या परिसराच्या माश्या हिच्यावर. आणि त्यांनी साठवलेल्या कार्तिकी मधाला कुमाऊँत मोठा मान. मी घरी येऊन शोध घेतला तेव्हा कळले की आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात 'पद्मकाष्ठ' म्हणून जे लाकूड मिळते ते याच झाडाचे. जुन्या वैद्यक ग्रंथांतले 'पद्मक' ते हेच. म्हणजे ज्याला मी बूटपॉलिशच्या नावाने ओळखत होतो ते झाड आमच्याच वैद्यांच्या बटव्यात शतकानुशतके बसून होते! पाच ठिकाणी हिंडलेल्या माणसाला हे कळले नाही. एका जागी बसलेल्या बाईला कळले.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते मी तोंडपाठ म्हणू शकतो. त्यांतले निम्मे माझेच आहेत.

पहिला आक्षेप : पैसे भरले ते वसूल नको का व्हायला? आणि बसायचेच तर घरी बसावे, त्यासाठी हिमालयात कशाला जायचे?

'वसूल' हा शब्द जरा नीट ऐका. सारा वसूल करतात, थकबाकी वसूल करतात. वसुली सरकार करते किंवा सावकार करतो. आपण डोंगराकडे वसुलीला जातो. डोंगराने आपले काय देणे लागते आहे? ज्याच्या दारात माणूस जप्तीचा कागद घेऊन उभा राहतो त्याच्याशी त्याची मैत्री होत नसते. आणि हिशेबच करायचा तर पुरा करू. जे पाहिले त्यातले वर्षाने काय उरले, तेवढीच खरी वसुली. माझ्या मोबाइलमध्ये त्या एका दिवसाचे दोनशे चौदा फोटो आहेत. चहाचा मळा कोणता आणि आश्रमामागचा उतार कोणता, हे मला आज फोटो पाहून सांगता येत नाही. तिच्याजवळ एकही फोटो नाही, आणि तो ढग अजून तिच्या बोलण्यात येतो.

राहिले घरी बसणे. हे वाक्य पुरुषच म्हणू शकतो. माझ्यासाठी घर हे कामावरून परत येण्याचे ठिकाण आहे. तिच्यासाठी ते दुसरे कामाचे ठिकाण आहे. घरात ती बसली तरी कान कुकरच्या शिट्टीकडे, डोळे वाळत घातलेल्या कपड्यांकडे आणि मन उद्याच्या डब्याकडे. गिरणीत मागाजवळ उभ्या असलेल्या कामगाराला 'विश्रांती घ्यायची तर इथेच घे की' म्हणून सांगावे, तसे हे आहे. चुलीपासून दूर, दुसऱ्याच्या हातचे आयते अन्न आणि पुढ्यात डोंगर, एवढे जुळून आल्याशिवाय आपल्याकडच्या बाईची पाठ खुर्चीला टेकत नाही. म्हणून तिला हिमालयात जावे लागते. मला नाही, मी आमच्या घरच्या ओसरीवरही टेकू शकतो, आणि टेकतोच.

दुसरा आक्षेप जरा सुशिक्षित आहे : जग पाहण्यासाठी आहे, आणि फुलांच्या मोसमात साऱ्या जगातले लोक असेच धावतात, जपानातसुद्धा.

जपानचेच घेऊ. चेरीच्या बहराला तिथे जी प्रथा आहे तिचे नाव 'हानामी', म्हणजे फुले पाहणे. ते कसे पाहतात? झाडाखाली चटया आणि ताडपत्र्या अंथरून बसतात. कचेरीतल्या धाकट्या माणसाला सकाळीच जागा धरायला पाठवतात. मग डबे उघडतात, पितात, गातात, गोंगाट करतात. तिथे फार मोठी ध्यानधारणा चालते असा माझा समज नाही. पण बसतात! भर बहर जेमतेम आठवडाभर टिकतो. उद्या वारा सुटला तर संपला. म्हणून आज झाडाखाली बसायचे. जे लवकर संपते त्याच्याजवळ थांबावे हे त्यांनी ओळखले. आपला न्याय उलटा. जे लवकर संपते त्याचा चटकन फोटो काढावा.

आणि या धावपळीचा शेवट काय होतो तेही जपानातच दिसले. फुजी पर्वताजवळच्या फुजिकावागुचिको या गावात एका दुकानाच्या मागे फुजी अगदी चित्रासारखा दिसतो. त्याचा फोटो काढायला परदेशी प्रवाशांची एवढी झुंबड उडू लागली, रस्त्यात उभे राहणे, कचरा टाकणे, कुठेही गाड्या लावणे इतके वाढले, की मे २०२४ मध्ये गावाने समोरच्या बाजूला २० मीटर लांब आणि अडीच मीटर उंच काळा पडदा लावला. डोंगर दिसू नये म्हणून! थोड्याच दिवसांत त्या पडद्याला लोकांनी कॅमेऱ्याच्या बेताची भोके पाडली. ऑगस्टमध्ये वादळाच्या इशाऱ्यामुळे तो उतरवला. मला त्या गावाची दया येते आणि आपली भीती वाटते. ज्या पर्वताला त्या देशाने पूज्य मानले तो झाकण्याची पाळी गावकऱ्यांवर आणणारी माणसे दुष्ट नव्हती. तीही आमच्यासारखीच, एका दिवसाच्या विश्रांतीला आलेली होती.

तिसरा आक्षेप कौसानीतच, अनासक्ती आश्रमाच्या अंगणात कानावर आला. बँकेतून निवृत्त झालेले आमच्यातले एक गृहस्थ म्हणाले, "पाहा, महात्माजी इथे विश्रांतीला आले आणि पुस्तक लिहून गेले. थोर माणसे रिकामी बसत नाहीत." रोख माझ्या गैरहजर कुटुंबावर होता हे सर्वांना समजले. मी तेव्हा गप्प बसलो. आज उत्तर देतो.

गांधीजी १९२९ च्या जूनमध्ये, दौऱ्यांच्या धबडग्यातून सवड काढून, कौसानीला आले. त्यांच्या गीतेच्या अनुवादाला, म्हणजे 'अनासक्तियोगा'ला, जोडलेल्या प्रस्तावनेखाली कौसानीचे नाव आणि २४ जून १९२९ ही तारीख आहे. खरी गोष्ट. पण ते तिथे सुमारे दोन आठवडे एका ठिकाणी राहिले. समोर तीच शिखरे, तोच व्हरांडा. सकाळी नऊला येऊन पावणेदहाला निघाले नाहीत. ज्या कामाला मन स्थिर लागते ते काम त्यांनी तिथे केले, कारण तिथे मन स्थिर झाले. आणि त्या पुस्तकाचा विषय कोणता? फळाची आसक्ती सोडून कर्म करणे. त्या पुस्तकाच्या जन्मस्थानी उभे राहून आम्ही तीस जण काय करीत होतो? घड्याळ पाहून फळे मोजीत होतो : तीन झाली, पाच राहिली. त्या दिवशी कौसानीत अनासक्त असे कोणी असेल तर ती मुक्कामाच्या अंगणात वेताच्या खुर्चीत बसली होती.

शेवटचा आक्षेप मात्र मला टाळता येत नाही, कारण तो खरा आहे. शाळेतला माझा एक तरुण सहकारी म्हणाला, "सर, ही भरल्या पोटाची विश्रांती. तुमची बायको खुर्चीत बसली तेव्हा तिची पोळी कोण भाजत होतं?" बरोबर आहे. आमच्यासाठी पहाटे पाणी तापवणारा माणूस तीनला उठला असला पाहिजे. समोरच्या उतारावर बायका विळ्याने वाळके गवत कापीत होत्या. हिवाळ्यात गुरांना तेच पुरवायचे असते. तेही सौ.ने पाहिले होते. कोणती बाई किती वेळा कंबर सरळ करायला थांबली हेही तिला सांगता येत होते. बसमधून जाताना मला त्या उतारावर रंगीत ठिपके दिसले होते. मी त्यांना निसर्गाचा भाग समजलो.

पण यावरून निष्कर्ष कोणता काढायचा? काहींना विश्रांती नाही म्हणून कोणालाच नको? आपल्या मुंबईच्या गिरणी कामगारांनी असा निष्कर्ष काढला नाही. आठवड्याची सुट्टी नावाची गोष्ट नव्हती तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यांना संघटित केले, अर्ज केले, सभा भरवल्या, वर्षानुवर्षे मागणी लावून धरली. आणि १० जून १८९० रोजी गिरण्यांना रविवारची सुट्टी मान्य झाली. ही मागणी करणारे लोक भरल्या पोटाचे नव्हते. विश्रांती हे चैनीचे फळ नसून कष्टाचा हक्क आहे, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळत होते. ज्या रविवारी आपण उशिरा उठतो तो रविवार कोणीतरी भांडून मिळवला आहे. आणि आमची साडेचारची बादली नसती तर तो पाणी तापवणारा माणूसही दोन तास जास्त झोपला असता. एकाने धावपळ कमी केली की दुसऱ्याची आपोआप कमी होते. विश्रांती वाटल्याने वाढते.

मात्र लोखंड्यांचा तो रविवार गिरणीच्या दारापर्यंत आला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी अडला. उलट रविवार म्हणून दोन पदार्थ जास्त! राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली देशभर लोकांचा वेळ कसा जातो याची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, पुरुषांची ८८. फरक २०१ मिनिटांचा, म्हणजे रोज तीन तास एकवीस मिनिटांचा. आणि ती ८८ मिनिटे घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची आहेत, हे विसरू नका. जे हात लावतच नाहीत ते त्या सरासरीत धरलेले नाहीत. २०२३ सालापर्यंत मीही त्या न धरलेल्यांतला होतो.

सुट्टीनंतर शाळा सुरू झाली तेव्हा मी एक प्रयोग केला. सहावीच्या मुलांना अंगणातल्या कडुनिंबाखाली नेले आणि म्हणालो, आज चित्र काढायचे नाही, तासभर झाड पाहायचे. पाच मिनिटांत चुळबुळ सुरू झाली. एक हुशार मुलगा म्हणाला, "सर, याला मार्क किती?" मला हसू आले नाही. बारा वर्षांच्या मुलाला वसुलीची ही भाषा कोणी शिकवली? मीच. दर तासाला, दर चित्राखाली तांबड्या शाईने आकडा लिहून. ज्या मुलाला झाड नुसते पाहता येत नाही तो मोठा होऊन डोंगराकडे पाठ करून उभा राहील, आणि बायको बसलेली दिसली तर थर्मामीटर शोधील. तेव्हापासून महिन्यातला एक तास मी बिनमार्कांचा ठेवला आहे. नोंदवहीत त्या तासापुढे काय लिहावे याचा निकाल मुख्याध्यापकांनी अजून दिलेला नाही.

आता दिवाळी आहे. हा अंक तुम्ही फराळाची बशी शेजारी ठेवून वाचत असाल. ती बशी कोणी भरली, आणि ती भरणारी या क्षणी बसलेली आहे की उभी, एवढे जरा मान वळवून पाहा. नऊ पदार्थांऐवजी पाच केले तर लक्ष्मी रागावून परत जात नाही. पुढची सहल ठरवाल तेव्हा एक दिवस कोरा मागा. अगदी कोरा, ज्याच्यापुढे काही छापलेले नसेल असा. 'काही ठिकाणे राहतील' म्हणून कोणी घाबरवले तर राहू द्या. ती हजारो वर्षे तिथेच आहेत.

आमच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर आता दर महिन्याला एका तारखेपुढे सौ.च्या अक्षरात लिहिलेले असते : 'काही नाही.' दुधाचा हिशेब, गॅसचा नंबर, वीजबिलाची शेवटची तारीख, यांच्या गर्दीत ते दोन शब्द. त्या दिवशी चहा-स्वयंपाक माझ्याकडे आणि कन्येकडे. माझ्या पोळ्यांना अजून कोणत्याही देशाचा नकाशा होता येत नाही, पण त्या खाल्ल्या जातात. मागच्या महिन्यात त्या तारखेला शेजारच्या काकू डोकावल्या. सौ. भर सकाळी ओसरीवर नुसती बसलेली पाहून त्या दारातच थबकल्या.

"अगं, बरं नाही का?"

आमची कन्या आतून म्हणाली, "बरी आहे, काकू. म्हणूनच बसली आहे. तुम्हीही बसा."

काकू क्षणभर उभ्या राहिल्या. हातातली पिशवी त्यांनी दाराशी ठेवली, आणि बसल्या.